कोरियन शाळेतील दुपारचे ताट : नव्याने जाणाऱ्या शिक्षकांसाठी

दक्षिण कोरियातील शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशातून जे शिक्षक बोलावले जातात, त्यांना राहण्याची जागा, बँकेचे खाते, ओळखपत्र अशा बाबींची माहिती बहुधा व्यवस्थित पुरवली जाते. मात्र आठवड्यातील पाचही दिवस शाळेच्या भोजनगृहात सर्वांबरोबर बसून जे दुपारचे जेवण घ्यायचे असते त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही, कारण कोरियन सहकाऱ्यांच्या दृष्टीने त्यात मुद्दाम सांगण्यासारखे काही नसते. भारतीयांसाठी हा विषय निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही. भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० रोजी अमलात आला आणि त्यात शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयांना तेथील प्राथमिक व माध्यमिक शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून काम करण्याची वाट ठेवलेली आहे. या किंवा अन्य मार्गाने तिकडे जाऊ इच्छिणारे मराठी शिक्षक, आणि त्यातही जे शाकाहारी आहेत किंवा गोमांस अथवा डुकराचे मांस वर्ज्य मानतात ते, यांच्यासाठी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी : काय खायचे आणि काय टाळायचे याचा निर्णय वाढपाच्या रांगेत उभे राहून घ्यायचा नसतो, तो महिन्याचा भोजनतक्ता हाती येईल त्या दिवशी घ्यायचा असतो.

शाळेतील या जेवणाला कोरियन भाषेत ‘गुपशिक’ म्हणतात. कोरियन युद्धानंतर, १९५३ पासून, परकीय मदतीतून आलेली दुधाची भुकटी आणि पाव गरीब मुलांना वाटण्यापासून या व्यवस्थेची सुरुवात झाली. १९८१ मध्ये शालेय भोजनाचा स्वतंत्र कायदा झाला आणि पुढील दोन दशकांत ती देशभरातील शाळांत पोहोचली. २००६ च्या जून महिन्यात बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या अन्नातून मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली, तेव्हा कायद्यात दुरुस्ती होऊन स्वयंपाक शाळेने स्वतःच्या देखरेखीखाली करावा हे तत्त्व ठरले. हे जेवण सर्व मुलांना विनामूल्य द्यावे की केवळ गरजूंना, या वादावर सोल शहरात २४ ऑगस्ट २०११ रोजी सार्वमत घेण्यात आले, त्यात आवश्यक तेवढे मतदान न झाल्याने मतपेट्या उघडल्याच गेल्या नाहीत आणि सरसकट मोफत जेवणाला विरोध करणारे महापौर ओ से-हून यांनी राजीनामा दिला. ज्या ताटावरून महापौराची खुर्ची जाते, त्या ताटाकडे त्या समाजात किती गांभीर्याने पाहिले जाते हे नवागताने ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रातील शालेय पोषण आहाराशी तुलना करायची झाल्यास ठळक फरक असा की, आपल्याकडे शिक्षक अन्नाची चव घेऊन पाहतो आणि स्वतःचा डबा वेगळा खातो, तर कोरियात मुख्याध्यापकापासून पहिलीच्या मुलापर्यंत सर्वजण एकाच कढईतील अन्न जेवतात. परदेशी शिक्षकाची पंगतीतील हजेरी म्हणूनच गृहीत धरली जाते.

ताटाची रचना

जेवण ‘शिकपान’ नावाच्या, पाच खणांच्या स्टीलच्या ताटात घेतात. स्वतःकडच्या बाजूला दोन मोठे खण असतात, त्यांपैकी डावीकडच्या खणात भात आणि उजवीकडच्या खोलगट खणात ‘गुक’, म्हणजे पातळ रस्सा किंवा सूप. वरच्या बाजूच्या तीन लहान खणांत ‘बानचान’, म्हणजे तोंडीलावण्याचे पदार्थ, ज्यांत एक बहुधा किमची, एक भाजी आणि एक मांसाचा, मासळीचा, अंड्याचा अथवा तळलेला मुख्य पदार्थ असतो. अधूनमधून फळ, दह्याची छोटी बाटली किंवा गोड पदार्थ येतो. भात आखूड दाण्याचा आणि चिकट असतो, त्यात कधी काळा तांदूळ, कधी सातू, कधी राळे किंवा सोयाबीनचे दाणे मिसळलेले असतात. तो मोकळा नसल्यामुळे चमच्याने सहज उचलला जातो. भात आणि रस्सा लांब दांड्याच्या चमच्याने, बानचान चपट्या धातूच्या काड्यांनी, असा रिवाज आहे. हाताने जेवणे तिथे असंस्कृत समजले जाते. अपवाद एवढाच की, सॅलडच्या किंवा कोबीच्या पानात भात व मांस गुंडाळून खाण्याचा ‘स्साम’ हा प्रकार हातानेच खातात, आणि त्या दिवशी मराठी माणसाला अंमळ मोकळे वाटते. काड्यांचा सराव नसेल तर लाजण्याचे कारण नाही, कारण काही भोजनगृहांत काटेही ठेवलेले असतात आणि पहिली-दुसरीची मुलेही तीच कला शिकत असतात. तरी घरी आठवडाभर शेंगदाणे उचलण्याचा सराव करून जाणे उत्तम, कारण धातूच्या काड्या लाकडी काड्यांपेक्षा निसरड्या असतात.

चवीच्या बाबतीत मराठी शिक्षकाला तिखटाचा त्रास क्वचितच होतो. प्राथमिक शाळांत लहान मुलांमुळे पदार्थ सौम्यच असतात, आणि कोरियन तिखटात मिरचीबरोबर गोडवाही असतो. खरी अडचण वेगळीकडे असते : फोडणीचा अभाव, लसणाचा आणि तिळाच्या तेलाचा सर्वत्र दरवळणारा वास, आंबवलेल्या सोयाबीनच्या ‘द्वेनजांग’ नामक लगद्याचा उग्र गंध, आणि समुद्री शेवाळाचा गिळगिळीत स्पर्श. या गोष्टी अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. तोवर प्रत्येक नव्या पदार्थाचा एक घास घेऊन पाहावा, एवढे धोरण पुरे. ‘खारे’ या नावाने येणारा पदार्थ म्हणजे कोरियन पद्धतीची करी असते, गव्हाच्या पिठाने दाट केलेली, किंचित गोडसर आणि बहुतेक वेळा डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाची. त्या दिवशी सहकारी भारतीय शिक्षकाकडे मोठ्या अपेक्षेने पाहतात, म्हणून नावावर विसंबून ती ताटात घेण्याआधी तिच्यात काय आहे याची चौकशी करून ठेवावी.

तक्त्यातील आकडे

‘शिकदानप्यो’, म्हणजे महिन्याचा भोजनतक्ता, शाळेच्या संकेतस्थळावर आदल्या महिन्याच्या अखेरीस प्रसिद्ध होतो, त्याची प्रत वर्गांत आणि शिक्षककक्षात लावलेली असते. तो कोरियन लिपीत असतो, तरी ज्याला त्या लिपीचे एकही अक्षर येत नाही त्यालाही त्याचा मोठा भाग वाचता येतो, कारण प्रत्येक पदार्थाच्या नावापुढे कंसात किंवा लहान टायपात काही आकडे छापलेले असतात. हे आकडे ॲलर्जी निर्माण करू शकणाऱ्या घटकांचे आहेत. त्यांचा क्रम शाळाशाळांत सारखाच असतो : १ अंडे, २ दूध, ३ कुट्टू, ४ शेंगदाणा, ५ सोयाबीन, ६ गहू, ७ बांगड्याच्या जातीचा मासा, ८ खेकडा, ९ कोळंबी, १० डुकराचे मांस, ११ पीच, १२ टोमॅटो, १३ सल्फाइट म्हणजे टिकवण्यासाठी वापरले जाणारे गंधकयुक्त क्षार, १४ अक्रोड, १५ कोंबडीचे मांस, १६ गोमांस, १७ माकूळ, १८ कालवे-तिसऱ्यांसारखे शिंपल्यातील जीव आणि १९ चिलगोजा. ही यादी तक्त्याच्या तळाशीही छापलेली असते. तीत पुढेमागे भर पडू शकते, म्हणून हाती आलेल्या तक्त्याशी ती एकदा ताडून घ्यावी.

ही व्यवस्था ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी असली, तरी आहारविषयक निर्बंध पाळणाऱ्याला ती फार उपयोगी पडते. गोमांस टाळणाऱ्याने १६ आणि डुकराचे मांस टाळणाऱ्याने १० हे आकडे लाल शाईने खुणावून घ्यावेत. पंधरा मिनिटांत सबंध महिन्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. उदाहरणार्थ, ‘मियोकगुक’ या समुद्री शेवाळाच्या सुपापुढे ५, ६, १६ असे आकडे असतील, तर पहिले दोन त्यात घातलेल्या सोया सॉसचे आहेत आणि तिसरा सांगतो की सूप गोमांसावर केलेले आहे. दिसायला ते निव्वळ हिरव्या पानांचे पाणी असते आणि मांसाचे तुकडे तळाशी बसलेले असतात, त्यामुळे डोळ्यांवर विसंबणारा हमखास फसतो. परतलेल्या भाजीपुढे १८ दिसला तर तीत कालवांचे सॉस घातलेले असण्याची शक्यता धरावी. आणि किमचीपुढे ९ का, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर ‘सेउजोत’ या घटकात आहे, म्हणजे आपल्याकडच्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात मुरवून किमचीच्या मसाल्यात मिसळलेली असते. कोरियन मनुष्य किमचीला भाजीच समजतो, त्यामुळे ती शाकाहारी नाही हे त्याला आपण होऊन सुचत नाही.

मात्र आकड्यांच्या या सोयीची मर्यादा शाकाहाऱ्याने नीट समजून घेतली पाहिजे, कारण आकडा नसणे याचा अर्थ मांस-मासळी नसणे असा होत नाही. यादीतील एकमेव मासा सातव्या क्रमांकाचा. बाकीचे मासे तीत नाहीत. कोरियन स्वयंपाकातील सर्वांत सर्वव्यापी मासळी म्हणजे ‘म्योलची’, मांदेलीच्या कुळातील बारीक मासा, जो सुकवून पाण्यात उकळतात आणि ते पाणी जवळजवळ प्रत्येक साध्या सुपाचा पाया असते. द्वेनजांगचे सूप, मोड आलेल्या सोयाबीनचे सूप, कधीकधी भाजीचा रस्साही याच पाण्यावर होतो, आणि त्यासाठी कोणताही आकडा छापला जात नाही. किमचीत आणि काही भाज्यांत घातले जाणारे ‘एकजोत’, म्हणजे मिठात मुरलेल्या मासळीचे पातळ पाणी, हेही असेच अदृश्य राहते. बदकाच्या मांसालाही यादीत क्रमांक नाही, आणि धुरी दिलेले बदक हा शाळांतला आवडता पदार्थ आहे. जेली किंवा तत्सम गोडातील जिलेटिन प्राणिजन्य असू शकते. तेव्हा गोमांस व डुकराचे मांस एवढेच टाळायचे असेल तर आकडे पुरतात. काटेकोर शाकाहार पाळायचा असेल तर ते अर्धेच काम करतात आणि उरलेल्या अर्ध्यासाठी माणसाशी बोलावे लागते.

पोषणशिक्षिकेशी बोलणी

ज्या व्यक्तीशी बोलायचे ती म्हणजे ‘यंग्यांग ग्योसा’. हे पद शब्दशः पोषणशिक्षकाचे आहे : आहारशास्त्राची पदवी आणि शिक्षकी परवाना असलेली ही व्यक्ती, जी बहुतेक शाळांत स्त्रीच असते, महिन्याचा तक्ता आखते, सामान मागवते, स्वयंपाकघराच्या स्वच्छतेवर देखरेख ठेवते आणि मुलांना आहाराविषयी शिकवतेही. तिला साधी आचारीण समजून वागवणे ही नवागताची मोठी चूक ठरेल; तिला इतर शिक्षकांप्रमाणेच ‘सॉनसेंगनिम’, म्हणजे गुरुजी किंवा बाई अशा आदरार्थी शब्दाने संबोधावे. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात, ज्याच्या जोडीने वर्ग घ्यायचा त्या कोरियन सहशिक्षकाला बरोबर घेऊन तिची भेट घ्यावी आणि आपण काय खातो व काय खात नाही हे कोरियन भाषेत लिहिलेल्या कागदावर द्यावे. वेळ दुपारी दोननंतरची निवडावी. सकाळी अकराच्या सुमारास तिच्यासमोर शेकडो माणसांचे जेवण असते आणि त्या वेळी ती नम्रपणे होकार देईल, पण ऐकणार नाही.

त्या कागदावर ‘मांस खात नाही’ एवढेच लिहून भागत नाही. ‘गोगी’ या शब्दाने कोरियन मनुष्य डुकराचे, गाईचे, फार तर कोंबडीचे मांस समजतो. हॅमचे तुकडे, ‘ओमुक’ म्हणजे मासळीच्या लगद्याच्या वड्या आणि कोळंबी त्याच्या हिशेबी त्यात बसतीलच असे नाही. म्हणून वर्ज्य पदार्थांची नावे एकेक करून लिहावीत : गोमांस, डुकराचे मांस, कोंबडी, बदक, हॅम व सॉसेज, मासे, ओमुक, शिंपले, म्योलचीचे पाणी, सेउजोत आणि एकजोत, आणि तितक्याच स्पष्टपणे जे चालते ते लिहावे : अंडे चालते की नाही, दूध, दुबू म्हणजे टोफू, ‘गिम’ म्हणजे भाजलेल्या शेवाळाचे पापड. ॲलर्जी आणि श्रद्धा यांची गल्लत करू नये. एखाद्या घटकाने खरोखर जिवाला धोका असेल तर तसे स्वतंत्र ओळीत, वैद्यकीय कागदासह सांगावे. नसेल तर धर्माचे किंवा सवयीचे कारण मोकळेपणाने द्यावे, कारण काम सोपे व्हावे म्हणून ॲलर्जीचे खोटे कारण पुढे केले की महिन्याभराने तोच पदार्थ बाहेर खाताना कोणीतरी पाहते.

या बोलण्यातून वेगळे ताट मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. स्वयंपाकघरात मोजकी माणसे सबंध शाळेचे जेवण रांधतात, त्यामुळे एका शिक्षकासाठी स्वतंत्र सूप उकळणे त्यांना शक्य नसते. फार तर भाजी मिसळण्यापूर्वी थोडी बाजूला काढणे, मांसाऐवजी जास्त दुबू देणे किंवा गिमचे एखादे पाकीट देणे एवढे घडते आणि तेही सौजन्य म्हणून. सोलच्या शिक्षण कार्यालयाने २०२१ च्या एप्रिलपासून महिन्यातून दोन दिवस मांसविरहित जेवण देण्याचा उपक्रम सुरू केला आणि अन्य काही प्रांतांतही असे प्रयोग झाले, परंतु त्या दिवसांची कल्पना पर्यावरणातून आलेली आहे. त्या ताटात अंडे, मासळीचे पाणी आणि नेहमीची किमची असू शकते. काटेकोर शाकाहाऱ्याच्या वाट्याला सामान्य दिवशी भात, एखादी ‘नामुल’, म्हणजे उकडून तिळाच्या तेलात कालवलेली पालेभाजी, आणि फळ एवढेच उरते. त्यावर वर्षभर निभावणे अवघड आहे, आणि तसे निभावून दाखवण्यात काही पुरुषार्थही नाही. सोयाबीनच्या दुधाचे खोके, भाजलेले फुटाणे, चालत असतील तर उकडलेली अंडी, असे काही शिक्षककक्षात ठेवून नंतर खावे. मेतकूट किंवा जवसाची चटणी भाताला चांगली साथ देते. शेंगदाण्याची चटणी मात्र मुलांच्या भोजनगृहात उघडू नये, कारण यादीतील चौथा आकडा तिचाच आहे.

रोज घरचा डबा, ज्याला ‘दोशिराक’ म्हणतात, आणण्याची मुभा बहुधा मिळते, पण तो भोजनगृहात आणता येईल का हे आधी विचारावे. कोरियन शाळांच्या स्वयंपाकघरांत प्रत्येक पदार्थाचा नमुना उणे १८ अंशांखाली १४४ तास, म्हणजे सहा दिवस, राखून ठेवतात, जेणेकरून कोणाला बाधा झाली तर कारण शोधता यावे. अशा काटेकोर जागी बाहेरचे अन्न आलेले काही ठिकाणी चालत नाही, आणि त्याच कारणाने तिथले उरलेले अन्न डब्यात भरून घरी नेणेही सहसा वर्ज्य असते. परवानगी असेल तर डबा सहकाऱ्यांच्याच टेबलावर बसून खावा. एकट्याने वर्गात दार लावून जेवणारा शिक्षक कितीही सुस्वभावी असला, तरी शाळेत तो परकाच राहतो.

रांगेत आणि टेबलावर

कुठे बसायचे हे पहिल्या दिवशी सहशिक्षकाला विचारून घ्यावे. प्राथमिक शाळांत वर्गशिक्षक आपल्या वर्गाबरोबर बसतात, कारण मुलांना जेवताना वळण लावणे हा त्यांच्या कामाचाच भाग मानला जातो. विषयशिक्षक, कार्यालयीन कर्मचारी आणि परदेशी शिक्षक यांचे टेबल वेगळे असते, आणि तेथे मुख्याध्यापक व उपमुख्याध्यापक यांच्या जागा न लिहिता ठरलेल्या असतात. काही जुन्या शाळांत भोजनगृहच नसते आणि गाड्यांवरून जेवण वर्गात नेले जाते.

भात व भाजी आपल्या हाताने घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते, परंतु मुख्य पदार्थ माणशी मोजून केलेला असतो. कटलेटचा दुसरा तुकडा उचलण्यापूर्वी शेवटच्या वर्गाची रांग संपली का हे पाहावे. वाढणाऱ्या बाई हात सैल सोडून वाढत असतील तर ‘चोगुममान जुसेयो’, म्हणजे थोडेच द्या, हे दोन शब्द फार उपयोगी पडतात. ताटात आलेले टाकण्यापेक्षा आधीच कमी घेणे कधीही चांगले. ‘जानबान’, म्हणजे उष्टे राहिलेले अन्न, हा तिथे सार्वजनिक विषय आहे : जेवण झाल्यावर प्रत्येकाने आपले ताट सर्वांदेखत पिंपात झटकायचे असते आणि शेजारच्या मुलांचे लक्ष शिक्षकाच्या ताटाकडे असते. अनेक शाळांत बुधवार हा ताट रिकामे करण्याचा दिवस ठरवलेला असतो आणि त्या दिवशी मुद्दाम मुलांच्या आवडीचे पदार्थ करतात. ‘दोनकास’ म्हणजे डुकराच्या मांसाचे कटलेट हे त्यांतले नेहमीचे, त्यामुळे दहाव्या आकड्याची खूण बुधवारी आवर्जून पाहावी.

टेबलावर बसताना ‘माशिक्के तुसेयो’, म्हणजे चवीने जेवा, असे शेजाऱ्यांना म्हणतात. ज्येष्ठ व्यक्तीने चमचा उचलल्यावर आपण सुरुवात करणे सभ्यपणाचे असते. काड्या भातात उभ्या खोचू नयेत, कारण ते दृश्य मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांची आठवण देते. नाक शिंकरणे निषिद्ध आहे, आणि तिखट सुपाने नाक वाहू लागले तर उठून बाहेर जावे. याउलट सूप पिताना होणाऱ्या आवाजाचे कोणाला वावडे नसते. पाणी जेवताना टेबलावर सहसा नसते. दाराजवळच्या यंत्रातून स्टीलच्या लहान पेल्यात ते शेवटी पितात, त्यामुळे घासागणिक पाणी पिण्याची सवय असणाऱ्याने आपली बाटली न्यावी. जेवण झपाट्याने होते. पंधरा मिनिटांत टेबल रिकामे होऊ लागते, त्या काळात बोलणे बेताचेच असते, आणि या शांततेचा अर्थ नाराजी असा लावू नये. एकत्र बसलेल्यांनी एकत्र उठावे असा संकेत असल्याने मंदगतीने जेवणाऱ्याची वाट पाहत चार माणसे गप्प बसून राहतात. तो अवघडलेपणा टाळण्यासाठी मंद जेवणाऱ्याने कमी वाढून घ्यावे. ताट परत करताना आतल्या बायकांना ‘चल मोगोस्सुमनिदा’, म्हणजे चांगले जेवलो, असे म्हणून मान लववावी. हा उपचार असला तरी तो कोरडा म्हणू नये : मोठ्या कढयांवर वर्षानुवर्षे तळणाऱ्या या कामगारांतील फुप्फुसाच्या कर्करोगाला २०२१ मध्ये व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता मिळाली, आणि वेतनासाठी व कामाच्या परिस्थितीसाठी त्यांचे संप होत असतात. संपाच्या दिवशी ताटाऐवजी पाव, फळ आणि रस मिळतो. जेवणानंतर सहकारी दात घासण्याचा ब्रश घेऊन बेसिनकडे निघाले तर नवल वाटू देऊ नये. आपलाही एक ब्रश टेबलाच्या खणात ठेवावा.

विशेष दिवस, पैसे आणि सुट्ट्या

सणांचे आणि ऋतूंचे प्रतिबिंब तक्त्यात पडते. जुलैमधील ‘बोकनाल’, म्हणजे उन्हाळ्याच्या तडाख्याचे पारंपरिक दिवस, आले की ‘सामग्येतांग’ हे अख्ख्या लहान कोंबडीचे सूप किंवा त्याचा एखादा सोपा अवतार होतो. शरदातील छुसोक सणाच्या आसपास ‘सोंगप्योन’ हे अर्धचंद्राकार तांदळाचे गोड पदार्थ येतात, जे सारण भरलेले व वाफवलेले असल्याने मोदकाच्या जवळचे वाटतात. आणि डिसेंबरात वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास ‘पातजुक’ ही लाल चवळीसारख्या कडधान्याची पेज मिळते, जी शाकाहाऱ्याने सोडू नये.

मुलांचे जेवण विनामूल्य असले, तरी शिक्षकांचे नसते. सोलमध्ये २०२१ पर्यंत उच्च माध्यमिकच्या सर्व इयत्तांना मोफत जेवण मिळू लागले, परंतु शिक्षक, मग तो कोरियन असो वा परदेशी, दर जेवणामागे काही हजार वॉन भरतो आणि ती रक्कम महिन्याच्या पगारातून किंवा खात्यातून वळती होते. बाहेर त्या पैशांत इतके जेवण मिळत नाही. सामान आगाऊ मागवलेले असल्याने रजेच्या दिवसांची वजावट हवी असेल किंवा जेवण बंदच करायचे असेल तर ते महिना सुरू होण्याआधी कळवावे लागते, जेवलो नाही म्हणून नंतर पैसे परत मागता येत नाहीत. दोन-तीन शाळांत वाटून काम करणाऱ्याने प्रत्येक शाळेत कोणते वार आहेत हे लेखी द्यावे, अन्यथा दोन्हीकडे पूर्ण महिन्याची आकारणी होण्याची शक्यता असते.

तक्त्यात जे रकाने कोरे असतात त्यांकडेही लक्ष असावे. सहलीचा दिवस, परीक्षेमुळे मुले लवकर घरी जातात तो दिवस, शाळेचा वर्धापनदिन, अशा वेळी स्वयंपाक होत नाही, आणि कोरियन सहकाऱ्यांना ते ठाऊक असल्यामुळे परदेशी शिक्षकाला सांगण्याचे बहुधा राहून जाते. सर्वांत मोठी खंडाची वेळ म्हणजे जुलैअखेरीपासूनची उन्हाळी आणि जानेवारी-फेब्रुवारीतील हिवाळी सुट्टी. या काळात परदेशी शिक्षकाला इंग्रजीच्या शिबिरासाठी बहुधा शाळेत यावे लागते, पण भोजनगृह बंद असते. म्हणून शिबिराच्या पहिल्या दिवशी डबा बरोबर न्यावा.